सरकतं छप्पर आणि ताडपत्री

महापालिकेच्या स्टेडियमचं छप्पर सरकतं. म्हणजे, सरकतं असं सांगतात. पाऊस आला तरी खेळ थांबणार नाही, हा त्याचा फायदा उद्घाटनाच्या वेळी मलाही पटला होता.

काल मुलींचा खो-खो रंगात आला असताना पावसाची सर आली. वॉचमन पळत गॅलरीच्या कोपऱ्यातल्या, छप्पर सरकवणाऱ्या मोटरकडे गेला. मला वाटलं, आता छप्पर बंद करणार. त्यानं निळी ताडपत्री उलगडली आणि मोटर व्यवस्थित झाकली.

मी म्हटलं, "अहो, छप्पर लावा ना!"

"पावसात मोटर चालवायची नाही, साहेब. बिघडली तर? वरून तशी ऑर्डर आहे."

"मग चालवता कधी?"

"खंडेनवमीला. पूजा झाली की एकदा पुढे, एकदा मागे."

आपल्याकडे वस्तू फार महाग पडली की ती वापरायची राहत नाही, जपायची होते. हॉलमधला सोफा नाही का प्लास्टिकच्या कव्हरातच म्हातारा होत! पण सोफा निदान बसण्यासाठी आणलेला असतो. हे छप्पर पावसासाठी आणलं होतं की फक्त आणण्यासाठीच, ही शंका काही केल्या जात नाही. उद्या ताडपत्रीचंही टेंडर निघेल, आणि तिच्याही उद्घाटनाला आपण टाळ्या वाजवू.

पाऊस वाढला. भिजलेल्या दोन मुली पळत आल्या आणि ताडपत्रीचं टोक डोक्यावर ओढून मोटरला खेटून बसल्या. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मैदानातल्या पोरींना मिळालेलं तेवढंच छप्पर.

वॉचमन ओरडला, "ए, बाहेर व्हा! मोटर भिजेल!"