टच झाला की हात वर

मंडळाच्या पोरांना मास्तरांवर पुस्तक काढायचंय. रोज दारात. "आजोबा, तुम्हीच लिहा ना!" अरे, मी चौथी नापास माणूस! पण माणूस मेला की त्याचे किस्से वाढतच जातात, भिंतीतल्या पिंपळासारखे. दुसऱ्यांनी खोटं लिहायच्या आत मी खरं लिहितो.

दानियल मास्तर कल्याणजवळच्या मोहन्यात आमची कबड्डीची टीम चालवायचे. टीमभर ख्रिस्ती ते एकटेच. पहिला नियम: टच झाला की आपणच हात वर करायचा आणि बाहेर. पंच बघो, न बघो.

*

टिटवाळ्याच्या मॅचला समोरच्या टीमच्या शेवटच्या चढाईत आमच्या बाळ्याच्या अंगठ्याला त्यांच्या गड्याचं बोट शिवलं. पंचाला दिसलं नाही. बाळ्यानं हात वर केला आणि आम्ही एका पॉइंटनं हरलो.

बाळ्या रडत म्हणाला, "मास्तर, हे देवाला तरी कुठं दिसलं असतं!"

"तुला दिसलं ना? बस झालं."

येताना टेम्पोत बाळ्याला कोणी बसायला जागा दिली नाही. मास्तर मोहन्यापर्यंत त्याच्याशेजारी उभे!

*

मॅचआधी प्रार्थना असायची. मास्तर सांगायचे, "जिंकू दे, असं मागायचं नाही. समोरच्याला लागू नये, एवढंच मागा."

मी विचारलं, "आणि आपल्याला लागलं तर?"

"आपल्यासाठी ते मागतील."

ठाण्याच्या एका टीमनं आमच्या दोघांचे दात पाडले. मी म्हटलं, "मास्तर, ते मागायला विसरले वाटतं!"

*

प्रॅक्टिस संपली की कॅप्टननं सगळ्यांचे पाय धुवायचे. येशूनं शिष्यांचे धुतलेले म्हणे. आमचा कॅप्टन सदा सगळ्यांचे धुवायचा, माझी पाळी आली की नेमकं बादलीतलं पाणी संपायचं. आम्ही बौद्ध. कारण सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कोणी नाही.

एकदा मास्तरांनी स्वतः बादली भरून सदासमोर ठेवली. त्यानं दातओठ खात माझे पाय धुतले. मास्तर वाकून बघतात आणि म्हणतात, "टाच राहिली!"

*

ठाण्याला टेंभी नाक्याजवळची फायनल. आदल्या दिवशी माझा गुडघा सुजलेला. म्हटलं, "मास्तर, उद्या मला बसवा. पाय वळत नाही."

"गौतम, आपल्यापुरतं बघायचं असेल तर टीम कशाला? भावांसाठी सोस."

सोसलं. दुसऱ्याच पकडीत गुडघा फुटला. आवाज आधी मलाच ऐकू आला.

टीम जिंकली. माझी कारखान्यातली नोकरी गेली, लंगडा झालो तो आजतागायत.

मास्तरांनी सहा महिने रोज घरून डबा पाठवला. चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लावली. सगळं केलं. "माझं चुकलं" तेवढं म्हणाले नाहीत. एक दिवस मी डबा न उघडता परत पाठवला. निरोप दिला, "पोट भरलं. दुसरं काही असेल तर पाठवा."

काही आलं नाही. बोलणं बंद झालं ते चाळीस वर्षं.

*

गेल्या वर्षी मास्तरांना लकवा मारला. कल्याणच्या दवाखान्यात ठेवलेलं. वाचा गेलेली, डावं अंग गेलेलं. मी काठी टेकत गेलो.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघेनात. गुडघ्याकडे बघत राहिले. मग उजवा हात उचलला. पार डोक्याच्या वर. आणि तसाच धरून ठेवला.

नर्स म्हणाली, "काका, त्यांना पाणी हवंय वाटतं."

मी पाणी पाजलं. हात खाली घेईनात. शेवटी मीच धरून खाली ठेवला.

दोन दिवसांनी गेले.

पोरांनो, हेही छापा. माझी माफी मागायची राहिलेला माणूस एकच होता. दानियल मास्तर.