तिसरी तक्रार

"हलली का ओ बाई?" तो खांबावरून ओरडायचा आणि मी घरात खिडकीपाशी आमची वायर दोन बोटांत धरून उभी असायची. "हलली" म्हटलं तरी त्याचं समाधान होत नसे. वर तेलुगूत "ओकटी, रेंडू, मूडू" मोजत तो पुन्हा तीन हिसके द्यायचा. तिन्ही माझ्या बोटांना जाणवले असं मी ओरडून सांगितलं, तरच त्याचा हात कटरकडे जायचा.

हा आमच्या गल्लीतल्या इंटरनेटचा लाइनमन. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रारीत एकदा सांगितलं, तेवढं पुरे झालं.

तुमच्या घरासमोरचा खांब कधी मान वर करून पाहिलाय का? पाहा एकदा. चार कंपन्यांच्या काळ्या वायरी, सगळ्या एकसारख्या. कुठली चालू, कुठली मेलेली, कुठली कुणाच्या घरात जाते, हे त्या कंपन्यांनाही सांगता येणार नाही. याला सांगता यायचं. त्याच्या घरचा टॉवेलचा माग बंद पडला होता, पण सुताच्या कांड्या उरल्या होत्या. त्यातलं रंगीत सूत आणून त्यानं प्रत्येक घराच्या वायरीला दोन्ही टोकांना बांधलं होतं. आमचं पोपटी, समोरच्या डॉक्टरांचं जांभळं. एवढं करूनही तो हिसके देऊन खात्री करायचा.

"वायर तोडायला येक शेकंद लागतो बाई," तो म्हणायचा. "पन तिकडं कुनाची तरी परीक्षा चालू असती, कुनाचा ल्योक दुबईवरनं बोलत असतो. त्यास्नी काय म्हाईत मी खांबावर चढलोय?"

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून संध्याकाळी पाच वाजता घरूनच दहावीला संस्कृत शिकवते. मोहोळची, मोडनिंबची मुलं पडद्यावर येतात. म्हणून आमची वायर त्याला फार महत्त्वाची वाटायची. "नेट गेलं तर कंपनीला फोन करू नका, आदी मला करा," हे त्यानं मला दहादा सांगितलं होतं. एका महिन्यात तीन तक्रारी नोंदल्या गेल्या की लाइनमनचा आयडी बंद, असा त्याच्या कंपनीचा नियम होता. आयडी बंद म्हणजे काम बंद. वायर तुटली कशानं, हे कुणी विचारत नसे. त्या महिन्यात एक वायर माकडानं तोडली होती आणि एक कडब्याच्या ट्रकनं ओढून नेली होती.

"दोन झाल्या बाई. येक माकडाची, येक कडब्याची. दोनी माज्या नावावर!" असं सांगून तो आमच्या दारात खो खो हसला. मीही हसले.

त्याच महिन्यात मी कंपनी बदलायचं ठरवलं. नेट इतकं रखडायला लागलं होतं की मुलांना मी अर्धं अर्धं मिनिट तोंड उघडं ठेवून थिजलेली दिसायची. त्याला हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. त्याला काहीच वाटलं नाही.

"बदला की! पन आदी नवं चालू हू द्या. आठ दिस दोनी ऱ्हाऊ द्या. मग मला बोलवा, जुनी वायर मी सोडतो. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका."

स्वतःच्या कंपनीचं गिऱ्हाईक जातंय आणि हा माणूस त्याला नीट कसं जायचं ते शिकवतोय. असा सल्ला कंपनीच्या कार्यालयात पंख्याखाली बसलेल्यांनी मला कधी दिला नाही.

नव्या कंपनीची दोन माणसं चारला उगवली. मी त्यांना दोनदा बजावलं की पोपटी दोरा असलेल्या वायरीला हात लावायचा नाही. "गंडा बांधलाय का मॅडम?" असं म्हणून दोघं हसले. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर आले तर पोपटी दोरा वीतभर वायरीसकट रस्त्यावर पडलेला.

"जुनं बंदच करणार होता ना? खांबावर जागा नव्हती."

"आणि नवं?"

"ते चालू व्हायला दोन दिवस लागतील."

हिसका नाही, हाक नाही, विचारणं नाही. मोटरसायकलला किक मारून दोघं गेलेसुद्धा.

माझं डोकं फिरलं. त्याला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. कुठल्या तरी खांबावर असणार, हे कळत होतं. तीस वर्षं मुलांना रागाच्या भरात काही लिहू नका म्हणून सांगणाऱ्या मी जुन्या कंपनीला फोन केला. तिथल्या गोड आवाजानं आधी दिलगिरी व्यक्त केली, मग विचारलं, "तक्रार नोंदवू का?"

"नोंदवा!"

"आपल्या भागातील लाइनमनचं नाव?"

मी सांगितलं, आडनावासकट. मीच बोलावलेल्या माणसांनी वायर तोडली आणि तक्रार त्याच्यावर! आधीच्या दोन मला त्या क्षणी आठवल्या नाहीत असं लिहायला सोपं आहे, पण ते खोटं आहे. आठवल्या होत्या. माझ्या एका तक्रारीनं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

दहा मिनिटांत तो धापा टाकत आला. पाच वाजायच्या आत वायर जोडली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो मेसेज वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"काय हो?" मी विचारलं.

"काय न्हाई. कंपनीचं कायतरी. तुमी तास घ्या बाई, पोरं थांबल्यात."

त्या दिवशीचा तास फार छान झाला. त्याची मला अजून लाज वाटते.

नवं नेट सुरू झालं. ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी जुनी वायर सोडायला मी त्याला फोन केला, तर दुसऱ्याच कुणाचा आवाज आला. नंबर कंपनीचा होता. मी रिक्षा करून तडक कार्यालय गाठलं.

"त्याला मी नाही काढलं हो बाई, सिस्टीमनं काढलं," तिथला मॅनेजर म्हणाला.

ही सिस्टीम काय आभाळातून पडली? कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत ठरवलंच ना, की माकड, कडबा आणि माझा संताप एकाच माणसाच्या डोक्यावर लादायचा?

"तक्रार मागे घेते."

"बंद झालेली तक्रार मागे घेता येत नाही. वीस मिनिटांत सुटली ना ती."

म्हणजे त्यानं धावत येऊन वायर जोडली, म्हणूनच आता त्याला वाचवता येत नव्हतं! मी म्हटलं, "मग लिहा, चूक माझी होती." मॅनेजरनं पडदा माझ्याकडे वळवला. लाइनमन उशिरा आला, काम अर्धवट सोडलं, उद्धट बोलला, अशी तक्रारीच्या कारणांची ठरलेली यादी होती. गिऱ्हाइकाची चूक त्या यादीत कुठेच नव्हती.

"कुठे आहे तो?"

"भिवंडीला गेला म्हणे, यंत्रमागावर कामाला. जाताना हे देऊन गेला."

समोरच्या खुर्चीवर कंपनीचा निळा शर्ट होता. धुऊन, इस्त्री करून, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून घडी घातलेला. माझा आवाज चढला होता, लोक वळून बघत होते. "बसा की बाई, पाणी घ्या," म्हणत मॅनेजरनं तो शर्ट एका हातानं उचलून खोक्यांच्या ढिगावर फेकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी शर्ट उचलला, विस्कटलेली घडी नीट केली आणि तो परत खुर्चीवर ठेवला. मी उभीच राहिले.