तिसऱ्या पेटीतली तार

प्रयोगशाळेत सगळे त्याला तारकाका म्हणत. क्ष-किरण मोजणाऱ्या पेटीत केसाहून बारीक तार ताणून बसवायची, हे त्याचं काम; तीस वर्षं तेच. तार बसली की तिला इवलंसं वजन टांगून ताण तपासायचा, असा नियम. तारकाकाच्या मते तो नियम नवशिक्यांसाठी होता. "माझी बोटं काय भाड्याने आणलीत?" म्हणत तो पुढच्या पेटीकडे वळे. आणि खरंच, कधी चुकला नव्हता.

शेवटच्या उपकरणाच्या वेळी त्याचा मोतीबिंदू चांगलाच वाढला होता. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या प्रमुख बाईंना सांगून टाका." पण सांगितलं की काम दुसऱ्याकडे जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसला.

ते उपकरण न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी होतं. त्यांच्या क्ष-किरणांची लहर कोणत्या दिशेने डोलते ते कळलं, की ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचा पत्ता लागतो. किरण मधल्या ठोकळ्यावर आपटून भोवतीच्या चार पेट्यांत विखुरतात. समोरासमोरच्या दोन पेट्यांत कमी-जास्त पडले, की दिशा सापडली. बाईंनी, म्हणजे प्रमुख शास्त्रज्ञांनी, त्यापायी एकोणीस वर्षं घातली होती.

उपग्रह वर गेला. पहिल्याच ताऱ्याने ठसठशीत दिशा दाखवली. बाई त्या दिवशी चक्क पळत आल्या. मग दुसरा तारा, तीच दिशा. तिसरा, तीच. शेवटी ज्याला दिशा असायलाच नको, त्या तप्त वायूच्या तेजोमेघानेही तीच दाखवली. तिसरी पेटी कमी मोजत होती.

तारकाका बाईंच्या खोलीत गेला. "बाई, ती तार मी वजन न लावताच सोडली. दिसत नव्हतं हो."

"जमिनीवर तर नीट चालली."

"सैल असणार. वरच्या ऊन-गारठ्यात हलत असेल."

"म्हणजे चूक सारखी बदलणार; किती भरून काढायची, तेही कळणार नाही." बाईंनी समोरचे आकडे बाजूला सारले. "मला सांगायचं होतंत, तारकाका. मी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

एकोणीस वर्षांवर पाणी पडलं होतं आणि समोरच्या या म्हाताऱ्यावर रागावताही येत नव्हतं. बाईंनी चौकशीसाठी त्याचा जबाब टाइप करून पुढे सरकवला. तारकाकाने पेन उचललं, कागद डोळ्यांजवळ नेला, परत खाली ठेवला. सही कुठे करायची ते दिसेना.

बाई उठल्या. त्यांनी त्याचं बोट धरलं आणि ओळीवर टेकवलं.