हेअरपिनपासून स्कूटरपर्यंत

मंडळी, आज मन फार अस्वस्थ आहे.

कॉलेजात जाणाऱ्या माझ्या नातीने सुट्टीत अदलाबदलीचा खेळ मांडलाय. हेअरपिन देऊन छत्री घेतली, छत्री देऊन मिक्सर. आज मिक्सर देऊन शेजारच्या रोझीबायची शिलाई मशीन आणली. उद्या गोखिवऱ्याचा जुन्या वस्तूंचा एक शौकीन ती घेऊन तिला स्कूटर देणार आहे.

त्याच मशीनवर रोझीबायने गावातल्या कितीतरी मुलींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याचे झगे शिवले.

"आजी, त्यांनी हसत दिली!" नात म्हणाली.

मी रोझीबायला फोन केला. "राहू दे गं. पोरीने हौसेने मागितली, नाही कसं म्हणू?" मग तिने विचारलं, "झाकून ठेवलीस ना? खाऱ्या हवेने गंजते."

उद्याचं तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. तुम्ही नातीला काय सांगितलं असतं?