पोळ्यांचा आलेख

गेल्या वर्षी एक आठवडा मी पूर्ण उपाशी होते, असा रेवाच्या शाळेत लेखी पुरावा होता.

झालं असं. आमची रेवा तेव्हा पाचवीत. एका संध्याकाळी पट्टी-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, मॅडमनी बोललं आहे, घरात कोण किती पोळ्या खातं त्याचा टेबल बनवायचा. मग तोच टेबल मॅथ्समध्ये, सायन्समध्ये, सोशलमध्ये, सगळीकडे!"

माझं लाटणं जागच्या जागी थांबलं. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजायच्या? आमच्याकडे सहावी पोळी वाढतानासुद्धा "एकच घ्या हो" म्हणतात! मोजलं की दृष्ट लागते, नाहीतर जेवणारा लाजतो.

"अगं, त्यापेक्षा कुणाला कोणती भाजी आवडते ते लिही ना."

"आई, वो तो लास्ट इयर हो गया!"

आणि लाजणारं माणूस आमच्याकडे होतंच. माझ्या नणंदेची मीनल. इथे राजधानीत, मुनिरक्यात खोली घेऊन सरकारी परीक्षेचा अभ्यास करायची आणि संध्याकाळी जेवायला आमच्या क्वार्टरवर यायची. अंगाने काडी, भूक मात्र दणदणीत. मेसवाल्याने एकदा सगळ्यांसमोर "लड़की होके इतना?" म्हटलं, तेव्हापासून तिने मेस सोडली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली.

पहिल्याच दिवशी रेवा वही उघडून ताटासमोर बसली. मीनलने वहीकडे पाहिलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि उठली.

"मामी, आज भूकच नाहीये."

भूक नाहीये! पोरीने आमटीची वाटी बोटाने पुसून लख्ख केली होती!

रेवाला समजावून उपयोग नव्हता. मॅडमनी "डेटा सच्चा पाहिजे" असं बजावलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. दोन पोळ्या एकावर एक ठेवल्या, घडी घातली, वर तूप सोडलं आणि एक म्हणून वाढली. मीनलने घडीचं टोक उचलून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. रेवाने वहीत एक रेघ मारली. अशा चार रेघांत मीनल रोज आठ पोळ्या जेवू लागली.

"आणि आई, तू किती खाल्ल्यास?"

मी सगळ्यांच्या मागून ओट्याशी उभी राहून जेवते, डब्यात उरेल ते. ते कोण मोजतंय? "माझं काय घेऊन बसलीस! शून्य लिही."

तिने लिहिलं. सातही दिवस.

गणितात शनिवारच्या आकड्यांचा आलेख झाला. यांचा खांब तीनचा, मीनलचा चारचा, रेवाचा दोनचा. माझ्या नावावर मोकळी जागा, रस्ता रुंद करायला सोडल्यासारखी! मग विज्ञान आलं. एका वाटी पिठाच्या किती पोळ्या होतात? रेवाने वाट्या मोजल्याच होत्या.

"आई, पाच वाट्यांच्या वीस पोळ्या बनल्या. खाल्ल्या नऊ. मग अकरा कुठे गेल्या?"

"गाईला घातल्या." (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.)

मग सोशलच्या वहीत तिने निष्कर्ष लिहिला : 'आई वीस पोळ्या करते. तिला एकही मिळत नाही. पपा तीन खातात.'

दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. यांची ऑफिसात मीटिंग, म्हणून मीनल सोबत आली. मॅडमनी दार लोटलं आणि माझा हात हातात घेतला.

"घर में सब ठीक है न? आपके पति आपको खाना देते हैं?"

एवढं विचारून त्यांनी आलेखाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. (माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे.) मग पुन्हा आलेखाकडे पाहिलं.

त्या शाळेत पाच वर्षांत मी "जी" च्या पुढे गेले नव्हते. खरं सांगावं, तर मीनलच्या पोळ्या पुन्हा एकदा चारचौघांत निघणार आणि परीक्षेच्या तोंडावर ती आमचंही घर सोडणार. न सांगावं, तर हे बायकोला उपाशी ठेवणारे ठरणार! तेवढ्यात मीनलच मान खाली घालून म्हणाली, "मैडम, दरअसल वो..."

"मैं खाती हूँ!"

हा माझा आवाज! बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"ग्यारह की ग्यारह, मैडम. रोज. बच्ची के सामने शरम आती है."

मॅडमनी हळूच हात सोडला.

रेवाने आलेख नव्याने काढला. माझा खांब कागदात मावेना, म्हणून वर दुसरा कागद चिकटवला. तो वर्गाच्या भिंतीवर लागला. हे मुद्दाम जाऊन बघून आले आणि म्हणाले, "उंच दिसतेस."

त्या संध्याकाळी मी सवयीने घडी वाढली. मीनलने ती उलगडली, रेवासमोरच दोन पोळ्या वेगळ्या केल्या आणि हसली.

"मामी, आता एकेकच वाढ गं. कितीही खाल्ल्या तरी तुझ्याच नावावर जाणार!"

पोटभर जेवली. किती, ते मी मोजलं नाही.

पोरीसाठी आपण केवढं मोठं खोटं बोललो, या विचाराने मी बरेच दिवस मनातल्या मनात फुलून होते. परवा रेवाची जुनी वही हाती लागली, तेव्हा सहज वजाबाकी करून पाहिली. त्या अकरांतल्या मीनलच्या फक्त चार होत्या.