साबणाची दाढ

वाणसामानाच्या यादीवर खुणा करताना आज साबणाची नवी वडी हुंगली आणि सुमाताई आठवली. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. ग्वाल्हेरात तसं कॉलेज नव्हतं. मध्य भारत राज्यासाठी मुंबईत एक जागा राखीव असे. प्रवेशासाठी साबणातून दाढ कोरून दाखवावी लागे, म्हणून ताई रोज सराव करायची. कागदपत्रांची यादी मी सांभाळायचे. शेवटच्या कागदावर खूण झाली, तोवर मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला होता.

कचेरीतले बाबू हळूच म्हणाले, “बेटी, वह राज्य ही नहीं रहा, तो सीट कहाँ से दें?”

घरी येऊन ताईने आपली सर्वांत सुबक दाढ उचलली आणि नळाखाली हात धूत राहिली.

“ताई, किती धुशील? झाले की साफ!” मी ओरडले.

दाढ पुरती विरघळल्यावरच तिने नळ बंद केला. मला तेव्हा साबण फुकट गेल्याचं वाईट वाटलं होतं.