आप्पांच्या केळीवरची वाट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होते. "ताई, आप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मागे कोणीतरी मोठ्यानं रडल्याचा आवाज आला. मी लाल पेनाला टोपण लावलं, पेपरांचा गठ्ठा बांधला, पाणी प्यायले. रडू नंतर आलं. त्याच्या आधी जे मनात आलं ते आज पाच आठवड्यांनी लिहितानाही लाज वाटते, पण ते वगळून आप्पांबद्दल बाकीचं लिहिलं तर तो खोटेपणा होईल. मनात आलं, सुटले. आता आप्पा मला परत कधीच विचारणार नाहीत.

आप्पा माझे थोरले काका. बहादरपूरला केळीची बाग, बागेला लागूनच घर, त्यात मुलगा आणि सून, म्हणजे माझी वहिनी. शाळा दुसरीपर्यंत झालेली, आणि गुरुजी हजेरी खोटी लावतात असा संशय आल्यामुळे ती सोडली, असं ते स्वतःच सांगायचे. संशय घेणं हे त्यांचं रोजचं काम होतं, बागेला पाणी देण्यासारखं. दूध आलं की एक थेंब नखावर घेऊन उन्हात धरायचे. रक्तदाब मोजायला आलेल्या कंपाउंडरला त्यांनी आधी त्याचा स्वतःचा मोजून दाखवायला लावला होता. आणि सरकारी कागद आला की तो दोन माणसांकडून वाचून घ्यायचे, दोघं एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी घेऊन. पहिली मी. दुसरे शहरात शनवारा वेशीजवळ शिलाईचं दुकान असलेले हनीफभाई, आप्पांचे तरुणपणापासूनचे दोस्त. मी वाचून दाखवायची, आप्पा मान हलवायचे, कागदाची घडी करायचे आणि मोपेडवर बसून हनीफभाईंकडे जायचे. एकदा मी चिडले. म्हटलं, "आप्पा, मी बी.ए. झालेली आहे. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुह्यावर आहे पोरी," ते म्हणाले, "कागदावर नाही."

बी.ए.चं असं, की आमच्या घराण्यात, आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडे, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी सगळीकडे सांगते, लोक कंटाळले तरी सांगते. बारावीनंतर वडील म्हणाले होते, पुष्कळ झालं. आप्पा म्हणाले, "घरात एक तरी माणूस असं पाहिजे का ज्याले कागद फसवू शकणार नाही." झालं, विषय संपला. पहिलं वर्षभर ते मला मोपेडवरून कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे, कारण ऑटोवाल्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. पदवीचा काळा झगा घातलेला माझा फोटो त्यांनी मागून घेतला आणि आपल्या खाटेच्या वर खिळा ठोकून लावला. खिळा सरळ आहे की नाही तेही दोघांना विचारून.

आता हेलिकॉप्टरांचं सांगते. आमच्या भागावरून लष्कराची हेलिकॉप्टरं बरीच वर्षं जातात. असीरगडाच्या बाजूनं येतात, तापी ओलांडून पुढे जातात. कधी दोन, कधी तीन, आणि इतकी खालून की केळीची पानं उलटी होतात, पत्रे वाजतात. कधी जेट विमानं. ती दिसून गेल्यावर आवाज येतो, आणि कपाटातली भांडी किणकिणतात. लहान मुलं टाटा करतात, बायका वाळवणं सांभाळतात, आणि सगळे विसरून जातात. आप्पा विसरले नाहीत. त्यांच्या मामांच्या शेतावर म्हणे एकदा असंच एक विमान घिरट्या घालून गेलं होतं, आणि पुढच्या वर्षी तिथे कालव्यासाठी खुंट्या ठोकल्या गेल्या. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, देव जाणे. आप्पांच्या मनात मात्र तो पक्का बसला होता. आधी वरून पाहतात, मग कागद येतो, मग खुंटी येते. म्हणून हातातलं खुरपं टाकून ते कपाळावर हात धरून उभे राहायचे आणि मशीन दिसेनासं होईपर्यंत मान वळवत राहायचे. मोठ्या पोटाच्या हेलिकॉप्टराला ते म्हैस म्हणायचे, बारक्याला टिटवी, आणि जेटला सुरी. "आज सकाळी दोन म्हशी गेल्या," असं ते फोनवर सांगायचे आणि माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेला वाटायचं, काकांच्या गोठ्यातून जनावरं चोरीला गेली.

मी खूप समजावलं. म्हटलं, आप्पा, ते सराव करतात, नदी पाहून दिशा ठरवतात, तुमच्या केळीशी त्यांना काय करायचंय?

"नदी पाह्यतात तं नदीवरून जा म्हणा. माह्या बागावरून कायले?"

 

मग त्यांनी पट्ट्या बांधायला सुरुवात केली. हनीफभाईंच्या दुकानातून लाल कापडाची कतरण आणायची, आणि ज्या झाडांच्या बरोबर वरून हेलिकॉप्टर गेलं त्या झाडांच्या खोडाला एकेक पट्टी बांधायची. पट्टी म्हणजे इथे नजर ठेवायची. दरवेळी एकाच रेषेतून जातात का, हे त्यांना पाहायचं होतं. बांधताना खोड आणि पट्टी यांच्यामध्ये स्वतःचं एक बोट घालायचे, गाठ मारायचे, मग बोट काढून घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "खोड वाढतं ना. आवळून बांधली तं काचंल. नजर ठेवायची, गळा नाही धरायचा." पुढे पट्ट्या फक्त खोडांवर राहिल्या नाहीत. विजेच्या मीटरला एक आली, बांधावरच्या दगडाला एक आली, दुधाच्या कॅनच्या कडीला एक.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आप्पा एका लग्नाला धूलकोटला गेले आणि नेमकी त्याच दिवशी कटाईची टोळी आली. आमच्याकडे व्यापाऱ्याचा माणूस आदल्या दिवशी येऊन तयार घडांच्या झाडांवर खूण करून जातो. टोळीनं लाल पट्ट्या पाहिल्या, आणि खुणा समजून ती सगळी झाडं कापली. अर्धे घड तर अजून बोटाएवढ्या फण्यांचे होते. आप्पा संध्याकाळी परतले तेव्हा बागेच्या मधोमध, ईशान्येच्या कोपऱ्यापासून तिरपी, एक सरळ वाट पडलेली होती. सुतानं आखल्यासारखी सरळ. टोळीचा मुकादम हात जोडून उभा, "आप्पा, चूक झाली, मले काय माहीत..." आप्पांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पाह्यलं? एकच रेघ आहे. मी खोटं नव्हतो सांगत." आणि थोड्या वेळानं, "पण आता त्यांनाही वरून दिसंल, का खाली कोणी मोजू राहिलं." दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यांचा रंग बदलला. पिवळ्यावर बारीक काळे ठिपके.

त्या रविवारी मी गेले तेव्हा आप्पा त्या वाटेत उभे होते. दोन्ही बाजूंना केळीच्या हिरव्या भिंती, मध्ये ते, कपाळावर हात, मान वर. मला फार आवडलं ते चित्र. मी फोटो काढला, शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हिंदीत लिहिलं, "हमारे आप्पा, बहादरपुर का रडार. एक भी हेलिकॉप्टर इनकी नज़र से नहीं बचता, दिन और समय के साथ." हसण्याच्या खुणा आल्या, अंगठे आले. आपण काहीतरी हुशारीचं लिहिलं म्हणून मी दिवसभर खुशीत होते. तेव्हा टीव्हीवर सीमेच्या बातम्या चालू होत्या, लष्कराच्या हालचालींचे फोटो टाकू नका असं सारखं सांगत होते. मी तेही ऐकलं होतं. आप्पा म्हणजे हालचाल थोडीच, असं मला वाटलं. शिकलेली बाई मी.

या फोनवरून त्या फोनवर जाता जाता फोटोवरचं माझं नाव गळून पडलं, खालची ओळ राहिली. नऊ-दहा दिवसांनी साध्या कपड्यातले दोघे मोटारसायकलवरून आले. उद्धट नव्हते, वहिनीच्या हातचा चहा प्यायले. फोन पुढे धरून म्हणाले, हे तुम्हीच ना? नोंद कशासाठी ठेवता? कोणाला सांगता? आप्पा म्हणाले, "ज्याले सांगायचं तो वरून जातो. थांबत नाही." त्यांना ते आवडलं नाही. मूठभर पट्ट्या खोडांवरून काढून घेऊन गेले, आणि आप्पांना दोनदा चौकीवर बोलावलं. दोन्ही दिवस सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. पुढे काही झालं नाही, प्रकरण मिटलं. पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला त्याच्याकडे आता गाव संशयानं पाहू लागलं. आप्पा पारावर आले की लोक फोन खिशात घालायचे. कोणी गमतीनं, कोणी खरंच.

मी ग्रुपवरून फोटो कधीच पुसून टाकला होता. चौकीच्या त्या दिवसांतल्या एका रविवारी गेले तेव्हा आप्पा ओट्यावर बसून कतरण फाडत होते. मान वर न करता विचारलं, "फोटो तू नाही ना काढला, पोरी?"

"नाही आप्पा."

"बरं."

एवढंच. त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, मुकादमाचं नाव घेत होता, त्याच्या टोळीचं काम बंद करू म्हणत होता. आप्पा म्हणाले, जाऊ दे, टोळीची पोटं भरू दे. दुधातल्या पाण्याचा माग लावणारा हा माणूस, ज्यानं त्यांना बाकावर बसवलं त्याचा माग लावत नव्हता. तेव्हा मला वाटलं, थकले. हायसं वाटलं मला. आज तेच हायसं वाटणं मला टोचतं. आणखी एक गोष्ट तेव्हा दिसत होती, पण मी पाहिली नाही. त्यानंतर माझ्याकडे वाचायला आलेल्या प्रत्येक कागदावर शिंप्याच्या खडूची पांढरी बोटं उमटलेली असायची. म्हणजे कागद आधी हनीफभाईंकडे जाऊन मग माझ्याकडे येत होता. इतकी वर्षं पहिली मी होते...

शेवटची भेट जाण्याच्या दोन आठवडे आधीची. आप्पा खाटेवर पडून होते, आवाज बसलेला. दुपारी पत्रे वाजले. मी औषधांच्या चिठ्ठीत डोकं घालून बसले होते. आप्पांनी डोळे उघडले, "म्हैस का टिटवी?"

मी बाहेर पाहिलंच नव्हतं. तरी म्हटलं, "टिटवी."

त्यांनी दाराकडे मान वळवली. वहिनी अंगणातून कपडे घेऊन आत येत होती. "तू सांग गं."

"म्हैस होती मामंजी. चांगली पोटुशी."

आप्पा हसले. माझा हात त्यांच्या हातात होता तो त्यांनी सोडला नाही. दाबलाही नाही.

दहाव्याच्या दिवशी हनीफभाई आले. पडवीत माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "बेटी, एक बात दिल में रखी है. वो फोटो तुम्हारे स्कूल की एक मैडम ने मेरी दुकान पे दिखाया था. ऊपर तुम्हारा नाम था. वो लोग आए, उसके दूसरे ही दिन आप्पा ने आके पूछा. मैं झूठ नहीं बोल पाया."

म्हणजे त्या रविवारी ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं. नेहमीसारखं ते दोघांकडून वाचून घेत होते. आणि दोन वाचनं जुळली नाहीत.

मी उठून आप्पांच्या खोलीत गेले. खाट उभी करून ठेवली होती. वर माझा फोटो, काळा झगा, हातात पदवीची गुंडाळी. आणि ज्या खिळ्याला तो टांगला होता त्या खिळ्याला पिवळ्यावर काळ्या ठिपक्यांची एक पट्टी बांधलेली. दोन वर्षं मी त्या खोलीत येत-जात होते, वर पाहिलं नव्हतं. वहिनी मागे येऊन उभी राहिली. "ते चौकीचं चाललं होतं ना तेव्हाची आहे. त्या रविवारी तुम्ही येऊन गेल्यावर मामंजींनी स्टूल मागितलं. मीच धरलं होतं. मला वाटलं कौतुकानं बांधत असतील." तिनं पट्टीकडे हात केला. "काढू का ताई? फोटोला बरी नाही दिसत चिंधी."

"राहू दे," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी तेच स्टूल ओढलं आणि वर चढले. लोखंडाचा खिळा, तो काही वाढत नाही, त्याला काही काचत नाही. तरी मी पट्टीच्या आत बोट घालून पाहिलं... बसलं.